तिसरा रकाना

अण्णांच्या लेकीचे लग्न ठरवायचे होते, तेव्हा तिच्या परिचयपत्रात 'वडिलांचा व्यवसाय' या ओळीपुढे काय लिहावे यावर घरात दोन दिवस चर्चा झाली होती. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अण्णांचे पत्र्याच्या छपराचे वर्कशॉप होते. कंपनीतून ट्रकची नुसती चॅसी येई. चालक एका लाकडी खोक्यावर बसून, तोंडाला फडके गुंडाळून ती शेकडो मैल हाकत आणी. मग अण्णा आणि त्यांचे सात-आठ कारागीर तिच्यावर सागवानी फळ्या, लोखंडी पट्ट्या आणि पत्रा यांची बॉडी बांधून देत. या धंद्याला बाजारात एकच नाव होते, बॉडी बिल्डर. परिचयपत्राच्या पहिल्या मसुद्यात तेच लिहिले आणि पहिल्याच स्थळाकडून विचारणा झाली, "मुलीचे वडील तालीम चालवतात काय?" घरात सगळे पोट धरून हसले. अण्णाही हसले. दुसऱ्या मसुद्यात मात्र 'स्वतंत्र उद्योग' असे शब्द आले आणि पुढे तेच कायम झाले. लेक जर्मनीला गेली, तिथे स्थिरावली. सहकाऱ्यांनी वडिलांविषयी विचारले की तीही 'उद्योजक' एवढेच सांगत असे.

पत्नीच्या निधनानंतर दोन वर्षांनी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, अण्णा तीन महिन्यांसाठी लेकीकडे श्टुटगार्टला गेले. मोटारींचे गाव. त्या गावाचे एक चिन्ह त्यांच्या लहानपणापासून ओळखीचे होते. १९५४ मध्ये टाटांनी डाइमलर-बेंझ या जर्मन कंपनीशी करार केला आणि पुढे १९६९ पर्यंत जमशेदपूरला तयार होणाऱ्या ट्रकच्या नाकावर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी असे. सोळाव्या वर्षी अण्णा एका बॉडीवाल्याकडे हेल्पर म्हणून लागले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा पुसली ती हीच चांदणी. त्यामुळे मर्सिडीज म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे गुळाच्या ढेपांनी भरलेला ट्रक उभा राही. श्टुटगार्टच्या विमानतळाबाहेर टॅक्सी म्हणून मर्सिडीज उभ्या पाहिल्यावर ते लेकीला म्हणाले, "हितं ह्यांचा हौदा काढून टाकलाय बघ."

घरात बारा वर्षांची नात होती. तिला मराठी कळे, पण बोलताना ती दोन-तीन शब्दांवर थांबे आणि उरलेले वाक्य जर्मनमध्ये पूर्ण करी. अण्णांना जर्मन येत नव्हते आणि इंग्रजी वर्कशॉपपुरती. सकाळी ती "आज्जा, तू चहा घेतलास?" असे विचारी, ते "घेतला" म्हणत, आणि दिवसाचा संवाद जवळपास तिथेच संपे. रविवारी दोघे बाल्कनीत उभे राहून शेजारच्या वृद्ध गृहस्थांचे काम पाहत. त्यांच्या अंगणातल्या शेडमध्ये १९५७ सालची करड्या रंगाची मर्सिडीज १८० होती आणि दर रविवारी ते तिच्याभोवती काहीतरी करीत असत.

त्या गाडीमुळेच नातीने शाळेच्या प्रकल्पासाठी विषय निवडला. इंग्रजीच्या तासाला काम दिले होते : एखाद्या विषयातले वीस जर्मन शब्द घ्या, त्यांचे इंग्रजी अर्थ लिहा आणि प्रत्येक शब्द कुठून आला ते सांगा. कोणी फुटबॉल घेतला, कोणी संगीत. हिने घेतले जुन्या मोटारींच्या बॉडीचे प्रकार. आईला वेळ नव्हता. ती म्हणाली, "अण्णांना विचार. त्यांचा जन्म त्यात गेलाय."

पहिलाच शब्द होता 'ओल्डटायमर'. जर्मन लोक जुन्या, जपून ठेवलेल्या मोटारीला ओल्डटायमर म्हणतात. दिसायला शब्द इंग्रजी, पण इंग्रजीत ओल्डटायमर म्हणजे म्हातारा, मुरलेला माणूस. मोटारीला इंग्रज 'क्लासिक कार' म्हणतो. तीस वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीच्या नंबरपाटीवर जर्मनीत शेवटी 'एच' हे अक्षर मिळते. ही पद्धत १९९७ पासूनची आहे. नातीने हे खुणा करीत कसेबसे समजावले. अण्णा म्हणाले, "मग माझ्या पाटीवर दोन एच बसतील." तिला हा विनोद कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ती इतकी हसली की आतून आई पाहायला आली.

पुढचा शब्द 'लिमुझीने'. इथे अण्णा अडले. त्यांच्या समजुतीप्रमाणे लिमोझिन म्हणजे सिनेमातल्या नटनट्यांची वीस फुटी गाडी. जर्मनमध्ये मात्र चार दारांची, पक्क्या टपाची कोणतीही साधी गाडी लिमुझीनेच. मध्यमवर्गीय कुटुंबाची छोटी ओपेलसुद्धा. मूळ शब्द फ्रान्समधल्या लिमुझँ या प्रदेशाच्या नावावरून आला. तिथले लोक वापरीत त्या जाड टोपीवजा अंगरख्यावरून बंद बग्गीला हे नाव पडले असे सांगतात. त्या पहिल्या बग्गीत आतले प्रवासी बंदिस्त आणि सारथी बाहेर असे. इंग्रजीने त्यातला मालक आणि चालक यांच्यामधला पडदा धरून ठेवला, म्हणून तिकडे लिमोझिन श्रीमंतांची झाली. जर्मनने फक्त टप धरून ठेवला, म्हणून ती सगळ्यांची झाली.

मग या साध्या गाडीला इंग्रजीत काय म्हणायचे? दोन उत्तरे. इंग्लंडमध्ये 'सलून', म्हणजे मूळचा दिवाणखाना. आपल्याकडे तो शब्द केस कापण्याच्या दुकानात जाऊन बसला. अमेरिकेत 'सिडॅन'. सतराव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर दोन भोई एक बंद खुर्ची दांड्यांवर उचलून नेत, तिचे हे नाव. नातीने पुस्तकातले चित्र दाखवले आणि अण्णा चटकन म्हणाले, "हा तर मेणा!" पालखी उघडी असते, मेणा बंद असतो. खांद्यावरून चाकांवर आला तरी तो बंदच राहिला. नातीने 'मेणा' हा शब्द कधी ऐकला नव्हता. तिने तो तीनदा म्हणून पाहिला आणि दोन रकान्यांच्या तक्त्याला पेन्सिलीने उजवीकडे आणखी एक रेघ ओढली. तिसरा रकाना असा सुरू झाला.

त्यानंतर संध्याकाळचे जेवण झाले की दोघे टेबलाशी बसू लागले. 'काब्रिओलेट' हा शब्द आला. ज्याचा टप घडी होऊन मागे जातो, ती गाडी. अमेरिकेत तिला 'कन्व्हर्टिबल' म्हणतात आणि जुने इंग्रज 'ड्रॉपहेड'. मूळ फ्रेंच शब्दात बकरीच्या उड्या आहेत. अठराव्या शतकातली ती दोन चाकांची हलकी घोडागाडी खडबडीत रस्त्यावर करडासारखी उडत चाले, म्हणून काब्रिओलेट. लंडनमध्ये या नावाचे शेपूट तुटले आणि 'कॅब' उरली. पुणे-मुंबईत लोक फोनवरून बोलावतात ती हीच. आणि 'टॅक्सी' या शब्दाचे मूळ आहे भाडे मोजणाऱ्या यंत्राच्या जर्मन नावात, टाक्सामेटरमध्ये. म्हणजे टॅक्सीकॅब या जोडशब्दात एक जर्मन मोजणी आणि एक फ्रेंच बकरी शेजारी शेजारी बसल्या आहेत.

घोडागाडीपासून मोटारीपर्यंत नावांची ही ये-जा मुळातच फार मोठी आहे. कार्ल बेंझने १८८६ मध्ये आपल्या तीनचाकी मोटारगाडीचे पेटंट घेतले. पुढच्या गाड्यांना त्याने नावे दिली ती बग्ग्यांचीच. १८९३ च्या चारचाकी गाडीचे नाव 'व्हिक्टोरिया'. मुंबईच्या रस्त्यांवर घोड्याच्या टापांसह फिरत राहिली ती व्हिक्टोरिया आणि बेंझची व्हिक्टोरिया एकाच घराण्यातल्या. आपल्या जुन्या कादंबऱ्यांतली 'फिटन' म्हणजे फेटन, सूर्याचा रथ हाकायला घेऊन तो न आवरलेल्या ग्रीक पुराणातल्या मुलाचे नाव. जर्मनीतही उघड्या मोटारीला फेटन म्हणत. ज्या गाडीचा फक्त मागचा टप उघडतो तिचे नाव 'लांडोलेट', तेही लांडाऊ या जर्मन गावावरून पडलेल्या बग्गीचे. १९६० मध्ये पोप तेविसावे जॉन यांच्यासाठी मर्सिडीजने अशीच गाडी बनवली होती, लोकांना दर्शन मिळावे आणि पुढचा चालक मात्र टपाखाली राहावा म्हणून. आणि या सगळ्यांच्या मुळाशी असलेले जर्मन 'कुट्शे' व इंग्रजी 'कोच' हे दोन्ही शब्द हंगेरीतल्या कोच नावाच्या एका खेड्यातून निघाले. तिथल्या कारागिरांच्या गाड्या पंधराव्या शतकापासून नावाजलेल्या होत्या. आपल्या टांग्यावरचा कोचवान त्या खेड्याचे नाव मिरवत असतो, हे त्याच्या गावीही नसते.

ज्या शब्दाने घर डोक्यावर घेतले तो होता 'श्वीगरमुटरझिट्स'. शब्दशः अर्थ, सासूबाईंचे आसन. जुन्या दोन आसनी गाड्यांत पाठीमागे एक झाकण असे. ते उघडले की त्यातून एक जादा बैठक निघे. पुढचे दोघे टपाखाली आणि मागचा माणूस ऊन, वारा, पाऊस अंगावर घेत उघड्यावर. तिथे कोणाला बसवायचे याचा निर्णय जर्मन जावयांनी नावातच करून ठेवला. अमेरिकन त्याला 'रंबल सीट' म्हणत आणि इंग्रज 'डिकी सीट'. हा शब्द ऐकताच अण्णा खुर्चीतून पुढे झाले. "डिकी? आमची डिकी?" होय, तीच. गाडीच्या पाठीमागची सामानाची जागा, जिला इंग्लंडात 'बूट', अमेरिकेत 'ट्रंक' आणि जर्मनीत 'कोफररौम' म्हणजे सुटकेसची खोली म्हणतात, ती आपल्याकडे डिकीच राहिली. बैठक गेली, झाकण राहिले, नाव झाकणाला चिकटले. "म्हणजे आम्ही आयुष्यभर सासूबाईंच्या जागेवर स्टेपनी ठेवली," अण्णा म्हणाले. लेकीने हे नातीला जर्मनमध्ये सांगितले आणि मग तिघेही बराच वेळ हसत राहिले. अण्णांच्या पत्नीच्या पश्चात त्या घरात इतके हसू प्रथमच झाले असावे.

गाडीच्या पाठीला जर्मनमध्ये 'हेक' म्हणतात. मूळ अर्थ जहाजाची मागची बाजू. या पाठीचे प्रकार पाहताना अण्णांना एक गोष्ट दिसली, जी पुस्तकात नव्हती. टपापासून मागच्या टोकापर्यंत एका उतारात जाणाऱ्या पाठीला जर्मन माणूस 'फ्लीसहेक' म्हणतो, वाहती पाठ. इंग्रजीत तीच 'फास्टबॅक', वेगाची पाठ. जिथे काचेखाली डिकीचा सपाट भाग पुढे येतो तिला जर्मन 'श्टुफेनहेक', पायरीची पाठ. इंग्रजीत 'नॉचबॅक', म्हणजे खाच पडलेली. "आकार एकच," अण्णा नातीला म्हणाले. "ह्याला पायरी दिसती, त्याला खाच दिसती. पायरी म्हणणारा पत्रा वाकवणारा असणार बघ." मागे तिरकी काच आणि वर उघडणारे दार असेल तर जर्मन नाव 'श्रेगहेक', तिरपी पाठ, इंग्रजीत 'हॅचबॅक', दाराची पाठ. पाठ एकदम तोडल्यासारखी असेल तर 'कामहेक'. काम म्हणजे जर्मनमध्ये कंगवा, पण इथे कंगव्याचा काही संबंध नाही. वुनिबाल्ड काम हे श्टुटगार्टचेच प्राध्यापक. वाऱ्याचा अडथळा कमी करण्यासाठी शेपूट लांबवत नेण्याची गरज नाही, योग्य जागी ते छाटले तरी चालते, हे त्यांच्या संशोधनातून पुढे आले.

सामान आणि माणसे दोन्ही नेणारी लांब पाठीची गाडी म्हणजे 'कोंबी', 'कोंबिनात्सिओन' या लांबलचक शब्दाचे डोके. इंग्लंडमध्ये तीच 'इस्टेट', मळ्यावाड्यांच्या मालकांची. अमेरिकेत 'स्टेशन वॅगन', स्थानकावरून पाहुणे आणि त्यांच्या पेट्या आणणारी. आणि 'प्रिट्शेनवागेन' आला तेव्हा तर अण्णांनी वहीच ओढून घेतली. प्रिट्शे म्हणजे फळ्यांचे बाके. मागे उघडा हौदा, तिन्ही बाजूंना खाली पडणारे फाळके. आयुष्यभर त्यांनी बांधले ते हेच. तिसऱ्या रकान्यात त्यांनी स्वतः मोठ्या अक्षरात 'हौद्याचा ट्रक' असे लिहिले आणि खाली फाळक्याच्या बिजागरीचे चित्र काढले. शाळेला त्याची गरज नव्हती. नातीने ते खोडले नाही.

एका रविवारी तिघे मर्सिडीजच्या संग्रहालयात गेले. तिथे लिफ्टने सर्वांत वर जायचे आणि वळणावळणाने उतरत खाली यायचे, अशी रचना आहे. वर पहिल्यांदा उभा आहे तो घोडा. अण्णांना ते फार आवडले. पण ते सर्वांत जास्त वेळ थांबले १९५४ च्या ३०० एसएलपाशी. हिची दारे वर उघडतात. इंग्रजीत तिला 'गलविंग' म्हणतात, समुद्रपक्ष्याचे पंख. फ्रेंचांना तिच्यात फुलपाखरू दिसले. जर्मन नाव 'फ्ल्यूगेलट्यूरर', पंखांच्या दारांची. जर्मन घरांत दोन फळ्यांच्या दारालाही पंखांचेच दार म्हणतात. त्यामुळे या नावात पक्षी आहे की सुतार, हे सांगणे कठीण. नातीला वाटले, ही ऐट दिसण्यासाठी केलेली असणार. अण्णा वाकले, दाराच्या खालचा उंच उंबरा त्यांनी नीट पाहिला आणि म्हणाले, "ऐट न्हवं. खाली सांगाडा आडवा आलाय. दार बाजूला उघडंल कसं?" भिंतीवरच्या माहितीतही तेच होते. वजन कमी ठेवण्यासाठी पातळ नळ्यांचा जाळीदार सांगाडा केला आणि तो बाजूंना इतका उंच झाला की नेहमीचे दार बसवायला जागाच उरली नाही. लेक त्या पाटीकडे आणि वडिलांकडे आळीपाळीने पाहत राहिली. ती स्वतः मोटारींच्या सुट्या भागांची संगणकावर आखणी करण्याचे काम करते. वडील काम करताना तिने शेवटचे पाहिले होते, त्याला वीस वर्षे झाली होती.

टोपणनावांचा एक भाग नातीने स्वतःहून जोडला. १९२४ ची हिरवी ओपेल म्हणजे 'लाउबफ्रॉश', झाडावरचा बेडूक. हानोमागची गोल पाठीची छोटी गाडी 'कोमिसब्रोट', सैनिकांना मिळणारा पाव. युद्धानंतर लोखंडाचा पत्रा मिळेना, तेव्हा ब्रेमेनमध्ये लॉइड नावाची गाडी प्लायवुडवर नकली चामडे ताणून बनवली गेली. लोकांनी तिला नाव दिले 'ल्यूकोप्लास्टबाँबर', कारण पोचा आला तर जखमेवरची चिकटपट्टी लावली की झाले. लाकडाची मोटार ऐकून अण्णा सुखावले.

पण त्याच भागात दोन नावे अशी आली की नात वही घेऊन आईकडे गेली. १९२१ मध्ये एडमुंड रुंपलर यांनी 'ट्रॉफेनवागेन' बनवली, पाण्याच्या थेंबाच्या आकाराची गाडी. इंग्रजीत तिचा अर्थ 'टीअरड्रॉप', अश्रूचा थेंब. १९७९ मध्ये ती वाऱ्याच्या बोगद्यात तपासली तेव्हा तिचे आकडे पाहून तज्ज्ञ थक्क झाले. साधा थेंब आणि अश्रू यांतला फरक दोन भाषांनी आपापल्या परीने केला होता, पण रुंपलर यांच्या बाबतीत इंग्रजी शब्दच खरा ठरला. ते ज्यू होते. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर त्यांना अटक झाली, काम गेले, आणि १९४० मध्ये त्यांचे निधन झाले. दुसरे योझेफ गांझ, मोटारींवरच्या एका मासिकाचे संपादक आणि अभियंता. सामान्य माणसाला परवडेल अशी हलकी गाडी हवी, असे ते वर्षानुवर्षे लिहीत होते. १९३१ मध्ये त्यांनी एक नमुना गाडी घडवली. तिचे नाव 'मायकेफर', मे महिन्यात दिसणारा भुंगेरा. तेही ज्यू. १९३३ मध्ये अटक, मग देशत्याग, आणि १९६७ मध्ये मेलबर्नला मृत्यू. तोवर 'केफर', म्हणजे 'बीटल', म्हणून फोक्सवागनची गाडी जगभर पोचली होती. गांझ यांचे नाव मात्र कुठे नव्हते. शिक्षकांनी फक्त शब्दांचा उगम विचारला होता. नातीने विचारले, गाडी घडवणाऱ्याचे नाव लिहिले तर चालेल का? आई म्हणाली, लिही.

अण्णांना लेकीने हे मराठीत सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हौद्याच्या कडेला आम्ही वर्कशॉपचं नाव रंगवायचो. मिस्त्र्याचं कुणी रंगवलं न्हाई."

विसावा शब्द राहिला होता. नातीने तो आधीच ठरवून ठेवला होता, 'पोंटोन', कारण शेजारची मर्सिडीज त्याच जातीची. त्यासाठी गाडी जवळून पाहायची परवानगी तिने मागून घेतली आणि पुढच्या रविवारी ती आजोबा आणि आई यांना घेऊन शेजारच्या अंगणात गेली.

पोंटोन म्हणजे तरंगत्या पुलाखालची सपाट नाव. त्याआधीच्या गाड्यांना मडगार्ड वेगळे, दिवे वेगळे, बाजूला चढायची पायरी वेगळी. युद्धानंतर हे सगळे एकाच सलग भिंतीत मिसळले. १९४९ मध्ये ब्रेमेनच्या बोर्गवार्डने हे जर्मनीत पहिल्यांदा नव्या गाडीत केले आणि १९५३ मध्ये मर्सिडीजने १८० मध्ये. इंग्रजीत जुने मोटारप्रेमी आजही 'पाँटन'च म्हणतात. पण या मर्सिडीजमध्ये आणखी एक बदल होता. तोवर चॅसी वेगळी आणि बॉडी वेगळी असे. चॅसी विकत घ्यायची आणि आपल्या पसंतीच्या कारागिराकडून वर बॉडी बांधून घ्यायची, ही रीत. बर्लिन, ड्रेस्डेन, ओस्नाब्र्युक येथे अशा कारागिरांची नामांकित घराणी होती, बहुतेक मूळची बग्ग्या बांधणारी. १८० ची बॉडी होती 'झेल्ब्स्टट्रागेंड', स्वतःचा भार स्वतः वाहणारी. इंग्रजीत 'युनिटरी'. खाली वेगळी चॅसीच नाही, मग वर बांधायचे कशावर? ती घराणी एकामागून एक मिटत गेली. ओस्नाब्र्युकच्या कारमानने काब्रिओलेट केफर बनवून दीर्घकाळ तग धरला, पण २००९ मध्ये तेही दिवाळखोरीत गेले.

अण्णांना हे समजावून सांगावे लागले नाही. कंपन्या हौद्यासकट पूर्ण बांधलेले ट्रक विकू लागल्या, त्यानंतर त्यांचे वर्कशॉप किती महिने चालले हे त्यांना तारखेनिशी ठाऊक होते. ते गाडीभोवती हळूहळू फिरले. दाराखालच्या पट्टीपाशी बसले, बोटाच्या पेराने तीन ठिकाणी ठोकून ऐकले. तिसऱ्या ठिकाणी आवाज बद्द आला. "आतनं सडलाय," ते म्हणाले. नातीने ते जर्मनमध्ये सांगितले. शेजारचे गृहस्थ खाली बसले, त्यांनीही तिथेच ठोकले, ऐकले, आणि विचारले, हे काय काम करीत होते?

लेकीच्या तोंडी सवयीचा शब्द आला होता. त्याआधी नात म्हणाली, "कारोसेरीबाउअर."

कारोसेरी म्हणजे बॉडी, बाउअर म्हणजे बांधणारा. इंग्रजीत याला 'कोचबिल्डर' म्हणतात, आणि उद्यमनगरात शब्दाला शब्द ठेवून जे म्हणत तेच हे. फरक इतकाच की जर्मनीत या शब्दामागे काही वर्षांची उमेदवारी असते, परीक्षा असते, आणि शेवटी माइस्टर ही पदवी असते. शेजाऱ्यांनी पुढचा प्रश्न तोच केला, "माइस्टर?" ते स्वतः झिंडेलफिंगेनच्या बॉडी कारखान्यात चाळीस वर्षे होते.

नातीला उत्तर माहीत नव्हते. तिने आईकडे पाहिले. लेक क्षणभर थांबली. लॅटिनमधल्या 'मागिस्टर'पासून जर्मन 'माइस्टर' झाला, इंग्रजी 'मास्टर' झाला, आणि पोर्तुगीज 'मेस्त्रे' झाला. तो पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि मराठीत मिस्त्री झाला. हे तिने कधीतरी वाचले होते. वर्कशॉपमध्ये सगळे अण्णांना मिस्त्रीच म्हणत. लहानपणी तिला ते आवडत नसे.

"या," ती म्हणाली. "माइस्टर."

शेजाऱ्यांनी हात पुढे केला. अण्णांनी तो धरला आणि दुसऱ्या हाताने दाराखालची पट्टी दाखवत मराठीतच सांगितले की एवढा तुकडा कापून नवा पत्रा टाकायला हवा, नुसते भरून चालणार नाही. ते कळल्यासारखी मान हलली.

रात्री नातीने एकविसावी ओळ आखली. पहिल्या रकान्यात कारोसेरीबाउअर, दुसऱ्यात कोचबिल्डर. तिसरा रकाना रिकामा ठेवून तिने वही अण्णांपुढे सरकवली. त्यांनी पेन घेतले, चष्मा लावला आणि 'बॉडी बांधणारा मिस्त्री' असे लिहिले. मग लेकीला विचारले, घरात एखादा जुना शर्ट आहे का? पुढच्या रविवारी सकाळी आठला शेजारी बोलावले होते आणि हा चांगला होता.